तिच्या वतीनं कोण उभं राहिलं?

फौजदारी खटल्यात जिच्यावर अत्याचार झाला ती पक्षकार नसते. खटल्याचं नाव ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असं पडतं. एका बाजूला सरकारी वकील उभे राहतात, दुसऱ्या बाजूला आरोपीचे. ती मुलगी साक्षीदार म्हणून पुकारली जाते, शपथ घेते, जबाब देते, उलटतपासणी सोसते आणि निघून जाते. पुढे आरोपीला जामीन झाला का, साक्षीदार फितूर झाले का, निकाल काय लागला, हे तिला कळवण्याची जबाबदारी कितीतरी वर्षं कुणाचीच नव्हती.

अत्याचार संस्थेच्या आत झाला असेल तर हे एकटेपण आणखी वाढतं. वसतिगृह, बालगृह, आश्रमशाळा, पोलीस ठाणं, तुरुंग. जिथं घडलं तिथलं हजेरीबुक त्यांच्याच कपाटात, किल्ल्या त्यांच्याच कमरेला, साक्षीदार त्यांच्याच पगारावर. अशा मुलीच्या नावानं वकीलपत्र दाखल करून तिची बाजू लढणारा वकील ही आपल्याकडे अलीकडची गोष्ट आहे. ती कशी घडत गेली ते मला सांगायचं आहे. कायद्याच्या पुस्तकात कलमं सापडतात. ती कलमं कुणाच्या हालातून आली हे तिथं छापलेलं नसतं.

मी कड्याची. वकिली आष्टीच्या कोर्टात, आणि सत्र न्यायालयाचं प्रकरण असेल तर बीडला. आमच्या गावाहून नगर जवळ आणि बीड लांब. बाजार, दवाखाना, कॉलेज नगरला. तारीख मात्र बीडला. २३ सप्टेंबर २०२२ ला नगर–आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्टेशन आलं. बीडकडे गाडी जायला आणखी तीन वर्षं गेली. हे लांबचं अंतर जुनंच आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आष्टी तालुका निजामाकडे होता, आणि शेजारचं नगर १९४७ पर्यंत इंग्रजांकडे. १९५६ पर्यंत आमचं उच्च न्यायालय हैदराबादला, त्यानंतर मुंबईला. २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला खंडपीठ सुरू झालं तेव्हा कुठं मराठवाड्यातल्या माणसाला वरच्या कोर्टात जाऊन त्याच रात्री घरी परतण्याची शक्यता निर्माण झाली. अत्याचार झालेल्या बाईला न्याय मिळण्यात एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी यांचा वाटा किती मोठा असतो, ते आमच्या भागातल्या वकिलाला कुणी शिकवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना आमच्याकडे ‘कोयता’च म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुलांपैकी काही फडावरच्या कोपीत म्हणजे झोपडीत, काही आजीजवळ, आणि उरलेली हंगामी वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली. माझे आईवडीलही फडावर जायचे आणि मी वसतिगृहातच शिकले. आमच्या अधीक्षक बाई रात्री खोल्याखोल्यांतून फिरून कुणाला ताप आहे का ते कपाळाला हात लावून बघायच्या. म्हणून मी वसतिगृहाच्या विरोधात बोलणार नाही. ज्या जिल्ह्यातली मुलं वर्षातले कित्येक महिने आईबापांवाचून परक्याच्या छपराखाली राहतात, त्या जिल्ह्याला हा इतिहास ठाऊक असायलाच हवा, एवढंच म्हणते.

सुरुवात अशा कायद्यापासून करावी लागते ज्यानं कोर्टाचं दारच बंद केलं होतं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा एखाद्या जमातीला जन्मानं गुन्हेगार ठरवायचा, आणि त्या अधिसूचनेच्या वैधतेला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही अशी त्यात तरतूद होती. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू झाला. त्यात सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळं काढून औद्योगिक, शेती किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. सोलापूरची सेटलमेंट याच व्यवस्थेतली. पारधी, कैकाडी, मांगगारुडी कुटुंबं तारेच्या कुंपणात राहायची, हजेरी द्यायची आणि गिरण्यांत राबायची. लेकरू नेलं तर बापानं जायचं कुठं? वकील लावायचा तरी कुणापुढं उभं राहून काय मागायचं? गुन्हा केला असं कुणी म्हणतच नव्हतं. जन्म हाच आरोप होता, आणि तो खोटा पाडण्याचा रस्ता कायद्यानंच बुजवला होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभर रद्द झाला. आष्टी तालुक्यातल्या पारधी वस्त्यांवर आजही पोलिसांची गाडी दिसली की बाया आधी पोरांना हाका मारतात. ती भीती त्या कुंपणातून आली आहे.

मुलांच्या संस्थांचा दुसरा धागा दयेच्या हेतूनं सुरू झाला. मुंबईत १८५७ साली निघालेली सुधारशाळा पुढे डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल झाली. १९२४ मध्ये मुंबईचा बाल अधिनियम आला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी. रस्त्यावरच्या मुलाला तुरुंगात टाकू नये, त्याला निवारा आणि हुन्नर मिळावा, हा विचार काळाच्या पुढचा होता. या रचनेत एक गोष्ट मात्र राहून गेली. मूल संस्थेत आलं की त्याच्या भल्याचा विचार संस्थाच करणार असं गृहीत धरलं गेलं. संस्थेनंच त्रास दिला तर मुलाच्या वतीनं बोलणारा बाहेरचा माणूस कोण, याचं उत्तर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

ते उत्तर शोधायला भाग पाडलं विदर्भातल्या एका मजूर आदिवासी मुलीनं. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात तिच्यावर बलात्कार झाल्याची तक्रार नोंदली गेली. ती ठाण्यात आली होती घरच्याच एका तक्रारीच्या चौकशीसाठी. मथुरा प्रकरण म्हणून देश ज्याला ओळखतो ते हेच. १ जून १९७४ ला सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. १२ ऑक्टोबर १९७६ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवून एकाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा दोघांना मुक्त केलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केलेला दिसत नाही, म्हणजे संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता. रात्रीची वेळ, बंद ठाणं, वर्दीतली माणसं आणि समोर एक पोर. यातून निर्माण होणारी दहशत न्यायाच्या तराजूत बसलीच नाही.

वर्षभरानं, १६ सप्टेंबर १९७९ ला, कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर दिल्लीचे, वसुधा धागमवार पुण्याच्या. एका गरीब मुलीच्या बाजूनं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला त्यांनी कायद्याच्याच भाषेत जाब विचारला. मान तुकवणं म्हणजे संमती देणं नव्हे, हा त्या पत्राचा गाभा होता. त्या चौघांकडे मथुरेचं वकीलपत्र नव्हतं, तरी माझ्या दृष्टीनं आपल्याकडच्या पीडितेच्या वकिलीची सुरुवात त्या पत्रापासून होते. ८ मार्च १९८० ला देशातल्या अनेक शहरांत बायका रस्त्यावर आल्या. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. धागमवारांनी पुढे ‘मार्ग’ ही कायदा-साक्षरतेची संस्था काढली आणि शेवटपर्यंत हेच काम केलं.

त्याच काळात मुंबईत शीला बारसे या पत्रकार महिलेनं तुरुंगाच्या आत पाऊल टाकलं. मुंबई मध्यवर्ती कारागृहातल्या १५ कैदी स्त्रियांशी त्या बोलल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी ते सर्वोच्च न्यायालयाला पत्रानं कळवलं आणि कोर्टानं ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. खरं काय ते बघायला न्यायालयानं निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात पाठवलं. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्या. भगवतींनी जे आदेश दिले ते आजही आम्ही कोर्टात दाखवतो. बायकांसाठी वेगळ्या कोठड्या आणि तिथं महिला पोलीस, अटक झाल्याबरोबर जवळच्या कायदा मदत समितीला खबर, आणि दंडाधिकाऱ्यानं प्रत्येक आरोपीला स्वतःहून विचारायचं की तुला कोठडीत त्रास झाला का. हा शेवटचा आदेश मला फार मोलाचा वाटतो. ज्याला तोंड उघडायची भीती आहे त्यालाच आधी तक्रार कर म्हणण्यात अर्थ नसतो. विचारणं हे कोर्टाचं काम आहे, हे तिथं पहिल्यांदा ठरलं.

बारसेंनी पुढे तुरुंगात डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १९८६ मध्ये न्यायालयानं जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांना भेटी देऊन किती मुलं आत आहेत ते कळवायला सांगितलं. राज्यांची उत्तरं यायला इतका वेळ लागला की १९८८ मध्ये बारसेंनी याचिका मागे घेण्याची परवानगी मागितली. न्यायालयानं ती नाकारली. मुलांच्या हक्काची याचिका ही ती करणाऱ्याची मालमत्ता नाही, असं ठरवून त्यांचं नाव कमी केलं आणि काम विधी साहाय्य समितीकडे सोपवलं. त्या निकालाबद्दल वकिलांत दोन मतं आहेत. मला त्यातली एक गोष्ट पटते: प्रकरण त्या मुलांचं असतं. आंदोलक, पत्रकार, वकील यांच्यापैकी कुणीही दमलं तरी ते पुढे चालायला हवं. पण ज्या मुलांचं ते प्रकरण होतं त्यांना कुणी विचारलं का, हा प्रश्न तेव्हाही तसाच राहिला.

मथुरेच्या आंदोलनातून १९८३ ची फौजदारी कायदा दुरुस्ती आली. पोलीस ठाणं, तुरुंग, रिमांड होम, रुग्णालय इथल्या अधिकारी-कर्मचाऱ्यानं ताब्यातल्या स्त्रीवर बलात्कार केला तर किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली. ताब्यातल्या स्त्रीनं संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालय तेच गृहीत धरील असं पुरावा कायद्यात आलं. सुनावणी बंद दालनात, नाव छापायला बंदी. संस्था आणि तिच्या चार भिंतींतली सत्ता कायद्यानं पहिल्यांदा नावानिशी ओळखली. तरी दोन फटी राहिल्या. अधीक्षकानं पदाचा वापर करून ‘राजी’ केलं असेल तर शिक्षा जास्तीत जास्त पाच वर्षं. आणि मुलगा असेल तर बलात्काराचं कलमच नाही, फक्त अनैसर्गिक संभोगाचं कलम ३७७.

वकिलाच्या खुर्चीचा प्रश्न थेट सोडवला तो एका वेगळ्या प्रकरणात. १९९३ मध्ये रांचीहून दिल्लीला जाणाऱ्या रेल्वेत आदिवासी घरकामगार मुलींवर लष्करातल्या जवानांनी अत्याचार केला. १९ ऑक्टोबर १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशा फिर्यादींना पोलीस ठाण्यापासूनच वकील मिळाला पाहिजे. हा वकील कामात मुरलेला असावा, पुढं काय होणार ते त्यानं समजावावं, आणि दवाखाना, समुपदेशन यांचीही वाट दाखवावी. अशा वकिलांची यादी ठाण्यात असावी. तो निकाल वाचला की आजही वाटतं, एवढं जरी प्रत्येक ठाण्यात झालं असतं! पुढच्याच वर्षी, ९ नोव्हेंबर १९९५ ला, विधी सेवा प्राधिकरण कायदा अमलात आला. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि सुधारगृहात वा बालगृहात ठेवलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळण्याचा हक्क त्यात आहे. तालुक्याच्या कोर्टातली विधी सेवा समिती ही त्याच कायद्याची लेक. आमच्या भागातल्या कित्येक जणींना अजून वाटतं की फुकटचा वकील फक्त आरोपीला मिळतो.

संस्थेतल्या मुलग्यांची कहाणी कोर्टात टिकवून दाखवली मुंबईच्या अँकरेज प्रकरणानं. १९९५ मध्ये डंकन ग्रँट या ब्रिटिश माणसानं कुलाब्यात आणि मुरूडला रस्त्यावरच्या मुलांसाठी निवारे काढले. ब्रिटिश नौदलातला ॲलन वॉटर्स तिथं येऊन राहायचा. पोटभर जेवण, कपडे, समुद्राकाठचं घर. कुणाला संशय का यावा? २००१ मध्ये मुलांचं म्हणणं लेखिका मेहेर पेस्तनजी, मुलांसाठीची मदतवाहिनी चाइल्डलाइन आणि वकील महारुख अदेनवाला यांच्यामार्फत अधिकाऱ्यांपर्यंत आणि उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. वॉटर्सला अमेरिकेत पकडून भारतात आणावं लागलं. १८ मार्च २००६ ला सत्र न्यायालयानं दोघांना सहा वर्षांची सक्तमजुरी दिली. २००८ मध्ये उच्च न्यायालयानं दोघांनाही निर्दोष सोडलं. मग चाइल्डलाइन स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली, राज्यही गेलं, आणि १८ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा कायम केली. मुलांच्या साक्षी विश्वासार्ह आहेत असं त्या निकालात आहे.

या खटल्यातलं एक कलम मी नवीन वकिलांना मुद्दाम दाखवते. ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागल्याबद्दल २००० च्या बाल न्याय कायद्यात जास्तीत जास्त शिक्षा होती सहा महिने. २०१५ च्या कायद्यात ती तीन वर्षं झाली, आणि क्रूरता करणारा संस्थेचाच माणूस असेल तर पाच वर्षं सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. त्या दोन आकड्यांच्या मधे कुलाब्याच्या त्या पोरांची दहा वर्षं आहेत.

२०१० मध्ये शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या संस्थेतली उपासमार वर्तमानपत्रांत आली. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. अदेनवाला न्यायमित्र झाल्या आणि डॉ. आशा बाजपेयी यांच्या समितीकडे राज्यातल्या अशा संस्थांची पाहणी आली. त्याच काळात पनवेलजवळ कळंबोलीतल्या एका संस्थेत मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार उघड झाले आणि २०१३ मध्ये संस्थाचालकाला सत्र न्यायालयानं दोषी ठरवलं. ज्या मुली आपलं दुखणं वाक्यात मांडू शकत नव्हत्या, ज्यांच्यामागे कुणी नातेवाईक नव्हता, त्यांच्याही बाजूनं खटला उभा राहू शकतो हे महाराष्ट्रानं तेव्हा पाहिलं. २०१३ मध्येच पुरावा कायदा बदलला. बोलता न येणाऱ्या साक्षीदाराला दुभाषा किंवा विशेष शिक्षक द्यायचा आणि साक्षीचं चित्रीकरण करायचं, हे बंधनकारक झालं.

१४ नोव्हेंबर २०१२ ला मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा अमलात आला. मुलगा-मुलगी भेद गेला. रिमांड होम, शाळा, रुग्णालय, धार्मिक संस्था इथल्या माणसानं केलेला गुन्हा अधिक गंभीर ठरला. माहिती असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा झाला, म्हणून ‘संस्थेची बदनामी नको’ हे कारण आता मुख्याध्यापकाला वाचवत नाही. आणि चाळिसाव्या कलमानं मुलाच्या कुटुंबाला स्वतःचा वकील घेण्याचा हक्क दिला. ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणानं द्यायचा. मथुरेच्या रात्रीनंतर चाळीस वर्षांनी खुर्ची आली.

ती पूर्ण मिळाली असं मात्र नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की पीडितेच्या वकिलानं सरकारी वकिलांना मदत करायची. साक्षीदाराची उलटतपासणी किंवा तोंडी युक्तिवाद त्यानं स्वतंत्रपणे करायचा नाही. दुसरीकडे २००९ पासून पीडितेला निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करता येतं. ८ एप्रिल २०२१ ला अर्जुन माळगे यांच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की पोक्सोच्या खटल्यात जामीनअर्जाची खबर मुलाच्या कुटुंबाला आणि वकिलाला मिळालीच पाहिजे. आणि २०२२ मध्ये लखीमपूर खिरीत शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की पीडिताला प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क आहे. म्हणजे आम्ही सरकारी वकिलांच्या शेजारी बसतो, कागद पुढं सरकवतो, चिठ्ठीवर प्रश्न लिहून देतो. एवढ्यातही पुष्कळ करता येतं.

इंग्लंडात हेच काम करणाऱ्या वकिलांची लढाई बहुतेक दिवाणी असते. संस्थेवर नुकसानभरपाईचा दावा लावतात. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं एका निवासी शाळेच्या रेक्टरच्या कृत्याला शाळा चालवणारी कंपनी जबाबदार धरली आणि अशा दाव्यांचा रस्ता मोकळा झाला. आयर्लंडनं २००२ मध्ये निवासी संस्थांतल्या पीडितांसाठी भरपाई मंडळ नेमलं. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ राजआयोग बसला आणि त्यातून भरपाईची राष्ट्रीय योजना निघाली. आपल्याकडे दिवाणी दावा जवळजवळ कुणी लावत नाही. कोर्ट फी लागते, वर्षं लागतात, आणि अज्ञान मुलाला सज्ञान झाल्यावरही जास्तीत जास्त तीन वर्षांचीच मुदत मिळते. वीस वर्षांनी धीर गोळा झालेल्या माणसाला फौजदारी फिर्याद देता येते. दाव्याची मुदत तोवर कधीच सरलेली असते. आपल्याकडची भरपाई आली ती घटनेच्या वाटेनं. निर्दोष सुटूनही चौदा वर्षं तुरुंगात राहिलेल्या रुदुल साहला १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पस्तीस हजार रुपये दिले. कोठडीत मेलेल्या मुलाच्या आईला, निलाबती बेहेरांना, १९९३ मध्ये दीड लाख. महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०१३ पासून पीडितांना अर्थसाहाय्य देणारी मनोधैर्य योजना आहे आणि आता तिची रक्कम दहा लाखांपर्यंत जाते. पण तो पैसा सरकारचा असतो. ज्या संस्थेच्या निष्काळजीपणानं मूल उद्ध्वस्त झालं तिच्या खिशातून क्वचितच काही निघतं. आपल्या वकिलीचं पुढचं काम इथं आहे, असं मला वाटतं.

आता आमच्या रोजच्या कामाबद्दल. पहिला प्रश्न वयाचा. पोर अठराच्या आत आहे हे सिद्ध झालं नाही तर पोक्सो लागत नाही. ऊसतोडीच्या मुलांचा जन्म कित्येकदा फडावर झालेला, नोंद कुठंच नाही. मग शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा काढायचा, ज्या गुरुजींनी नाव घातलं त्यांना शोधायचं, आणि तेही नसेल तर हाडांच्या तपासणीवर यायचं. दुसरा प्रश्न हंगामाचा. साक्षीचं समन्स पौषात निघतं तेव्हा आई कर्नाटकातल्या फडावर असते, मुकादमाची उचल फिटलेली नसते आणि तारखेसाठी सोडायला तो तयार नसतो. म्हणून मी दिवाळीआधीच कोर्टात अर्ज देते की मुलाची साक्ष आधी नोंदवा. गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत ती नोंदवावी असं कायद्यातच आहे. तिसरा प्रश्न कागदांचा. पहिल्याच आठवड्यात लेखी मागणी करायची: मुक्कामी हजेरी, रात्रपाळीचा तक्ता, भेटीला आलेल्यांची वही, दवाखान्यात नेल्याची नोंद. उशीर केला तर नवी वही तयार होते, त्याच शाईत, एकाच हातानं लिहिलेली. चौथा प्रश्न मिटवामिटवीचा. ‘पोरीचं लग्न व्हायचंय, आपसात मिटवा’ असं सांगायला गावातली चार मोठी माणसं येतात. अशा वेळी वकिलानं त्या आईशेजारी बसायचं असतं, आणि ती जे ठरवेल ते तिच्याच तोंडून निघेल एवढी शांतता तिला मिळवून द्यायची असते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. फिर्याद नोंदवायलाच पालकांना ताटकळावं लागलं, आणि उच्च न्यायालयाला पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली. कलमं पुरेशी असूनही पहिल्या रात्री पालक एकटेच असतात, हे तिथं सगळ्यांनी पाहिलं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठाण्यात वकिलांची यादी ठेवायला सांगितली होती ती नेमकी या पहिल्या रात्रीसाठी.

म्हणून आमच्या तालुक्यापुरती माझी मागणी साधी आहे. हंगामी वसतिगृहं उघडतात त्या आठवड्यात प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर तालुका विधी सेवा समितीचा फोन नंबर मुलांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लावावा. समितीतल्या एका वकिलानं महिन्यातून एकदा न सांगता जाऊन मुलांशी, अधीक्षकांना बाहेर ठेवून, बोलावं. फिर्याद नोंदवली जाताना आईबाप फडावर असतील तर त्या मुलाच्या शेजारी त्याच दिवशी वकील असावा. याला नवा कायदा लागत नाही. १९८३, १९९४ आणि २०१२ मध्ये जे लिहून झालं ते अमलात आणायला कडा–आष्टी रस्त्यावर दुचाकीनं जाणारे चार वकील पुरतात. तशी माणसं आष्टीच्या वकील संघात आहेत. त्यांना नेमणुकीचं पत्र द्यावं, आणि येत्या हंगामात द्यावं.